रस्ता साफ केला म्हणून परमवीर चक्र? सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करताना तुम्ही रामा राघोबा राणे यांचं साइटेशन, म्हणजे पुरस्कारासोबतचं पराक्रमाचं अधिकृत वर्णन, वाचलंत. त्यात किती शत्रू मारले, कुठलं ठाणं घेतलं, असं काहीच नाही. सुरुंग काढले, आडवी टाकलेली झाडं उडवली, बाजूने वाट काढली, एवढंच आहे. मग देशातला सर्वोच्च शौर्यपुरस्कार त्यांना कसा मिळाला, आणि ते जिवंत परतले तर पुढे त्यांचं काय झालं?

मी सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला सैनिक. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये नोकरी झाली. सुरुंगांचं काम केलं आणि पुढे रिक्रूटांना शिकवलंही. राणे आमच्याच ग्रुपचे, त्यामुळे माझं उत्तर जरा घरच्या माणसाचं आहे हे धरून चाला.

पहिल्या भागाचं नियमातलं उत्तर सोपं आहे. परमवीर चक्रासाठी शत्रू मारण्याची अटच नाही. शत्रूच्या समोर, जमिनीवर, समुद्रात किंवा आकाशात दाखवलेलं असामान्य शौर्य, धाडस किंवा आत्मबलिदान, एवढाच निकष आहे. पण तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण तुमचा खरा प्रश्न असा आहे की झाडं बाजूला करण्यात एवढं शौर्य ते काय. त्यासाठी आधी जागा आणि काम दोन्ही समजून घ्यायला लागेल.

१९४८ च्या वसंतात, काश्मीरसाठीच्या पहिल्या भारत-पाक युद्धात, जम्मू भागातलं नौशेरा आपल्या हातात होतं. ६ फेब्रुवारीला तिथे मोठा हल्ला परतवला गेला होता, १८ मार्चला ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडने झांगड परत घेतलं होतं. पुढचं लक्ष्य राजौरी. नोव्हेंबर १९४७ पासून ती पाकिस्तानच्या बाजूच्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तिथे कत्तल झाली होती आणि असंख्य माणसं अडकून पडली होती, म्हणून घाई होती. नौशेरा ते राजौरी हा जुना मुघल मार्ग, डोंगराच्या कडेकडेने वळत जाणारा. रणगाडे पुढे गेले तर राजौरी लवकर पडणार हे आपल्याला कळत होतं, तसं समोरच्यालाही कळत होतं. रणगाडा थांबवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रस्ता मोडणं. मोऱ्या उडवायच्या, कडा फोडायच्या, चीडची झाडं आडवी पाडायची, त्यांच्या आजूबाजूला सुरुंग पेरायचे आणि वरच्या टेकडीवरून त्या जागेवर मशिनगन लावून बसायचं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. नुसता अडथळा म्हणजे अर्ध्या तासाचं काम. ज्या अडथळ्यावर बंदूक रोखलेली आहे, तो मात्र लढाईचाच भाग होतो. आम्ही रिक्रूटला पहिल्या आठवड्यातच सांगतो, अडथळा दिसला की आधी डोकं वर कर आणि त्याच्याकडे बघत कोण बसलंय ते शोध.

आता सुरुंग. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने बहुधा फुटत नाही, त्याला गाडीचा भार लागतो. म्हणून काही लोकांना वाटतं की तो काढणं सोपं. पण त्याच्या शेजारी माणसासाठीचा छोटा सुरुंग असू शकतो, आणि मोठ्या सुरुंगाच्या पोटाखाली, उचलला की फुटेल अशी युक्तीही करून ठेवलेली असू शकते. शोधायची पद्धत आजही मुळात तीच आहे. पोटावर किंवा गुडघ्यांवर, हातात प्रॉडर, म्हणजे जमीन चाचपायची टोकदार सळई, नसेल तर संगीन. टोक जमिनीत तिरकं, साधारण ३० अंशांच्या कोनात घालायचं, म्हणजे ते सुरुंगाच्या डोक्यावर नाही तर कुशीवर टेकतं. जोर लावायचा नाही. टोकाला काही कठीण लागलं की थांबायचं, बाजूची माती बोटांनी काढायची, मग कळतं तो दगड आहे की दुसरं काही. डोंगराळ रस्त्यावर शंभरातले बहुतेक वेळा तो दगडच असतो. प्रत्येक दगडाला सुरुंगाचाच मान द्यावा लागतो, आणि माणूस खरा थकतो तो यात. सुरुंग सापडला तर सरळ उचलायचा नाही. आकडा अडकवून, दोरी लांब नेऊन, आडोशाला जाऊन ओढायचा. मग पुढचा वीतभर.

झाडांचा अडथळाही तसाच. रणगाड्याला साखळी बांधून ओढून टाकलं असतं, असं वाचणाऱ्याला वाटतं. खोडाखाली काय बांधलंय ते बघितल्याशिवाय ओढलं तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून आधी आजूबाजूचे सुरुंग, मग खोडाला स्फोटक. ओलं, हिरवं लाकूड कोरड्यापेक्षा जास्त स्फोटक मागतं. शिवाय खोडाची जाडी दुप्पट झाली की बाहेरून बांधायचं स्फोटक चौपट लागतं, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा आहे. कमी पडलं तर झाड नुसतं उसवतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. जास्त झालं तर रस्ताच उडतो. हा हिशेब शांत बसून वहीत करणं वेगळं आणि दगडांवर गोळ्या आपटत असताना मनात करणं वेगळं.

ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून ते चार दिवस बघा. साइटेशनमध्ये वेळा दिलेल्या आहेत. ते वाचताना लोक विशेषणांवर थांबतात, मी वेळांवर थांबतो.

८ एप्रिल. नौशेरा-राजौरी रस्त्यावर २६ व्या मैलाजवळ सुरुंग आणि अडथळे काढणाऱ्या पार्टीची जबाबदारी राणेंकडे होती. ते ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर, पायदळाच्या ४ डोग्रा पलटणीबरोबर. सकाळी ११ वाजता, नादपूर साउथजवळ, पार्टी रणगाड्यांपाशी कामाची वाट बघत उभी असताना मॉर्टरचा मारा सुरू झाला. दोन जण जागीच ठार झाले, पाच जखमी, आणि त्या पाचांत स्वतः राणे. अजून एक कुदळही पडलेली नव्हती. तरी त्यांनी लगेच उरलेल्यांची पार्टी नव्याने बांधली आणि काम सुरू केलं. दिवसभर रणगाड्यांजवळ, मशिनगन आणि मॉर्टरच्या माऱ्यात. साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवाली रिज ही डोंगरधार घेतली. शत्रू अजून पूर्ण हटलेला नाही हे ठाऊक असूनही राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी डायव्हर्जन, म्हणजे बाजूने पर्यायी वाट, काढायला लागले. रात्री १० पर्यंत, शत्रूला दिसत असताना.

९ एप्रिल. पहाटे ६ ला पुन्हा सुरुवात. दुपारी ३ ला डायव्हर्जन तयार. रणगाडे निघाले आणि राणे सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसले. कॅरियर म्हणजे वरून उघडी, पट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी. तिच्यात बसणं म्हणजे पहिला सुरुंग चुकला तर तो आपल्याच खाली फुटणार. अर्ध्या मैलावर चीडच्या झाडांचा अडथळा. उतरले, उडवला. आणखी ३०० यार्डांवर दुसरा, तोही तसाच. पाचच्या सुमारास उडवलेली मोरी लागली, काम सुरू करण्याआधीच मशिनगन चालू झाली, तरी बाजूने वाट काढली. सव्वासहा वाजता, उजेड जात असताना, पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशिनगन. राणे तिथेही सुरुंग काढायला बसलेच होते. रणगाड्यांच्या कॉलमच्या, म्हणजे रांगेने पुढे निघालेल्या दलाच्या, कमांडरने परिस्थिती बघून रणगाडे रात्रीसाठी मागे आडोशाला घेतले. तो निर्णय बरोबर होता. अंधारात त्या जागी रणगाडे अडकले असते तर पुढचं काही उरलं नसतं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच पाच झाडांपाशी. या वेळी मागे रणगाड्यांची एक ट्रूप, म्हणजे छोटी तुकडी, कव्हरिंग फायरला होती. साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड सलग अडथळे आणि फोडलेल्या कडा, सगळ्यावर मशिनगन लागलेली. साडेदहापर्यंत तेही झालं. लक्षात घ्या, हा माणूस दोन दिवसांपूर्वी जखमी झालेला आहे.

आता माझ्या मते साइटेशनमधली सगळ्यात मोठी जागा येते, आणि तीच बहुतेक लेखांत गाळली जाते. तो पट्टा संपल्यावर रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले. ही नौशेरा-राजौरीची मनावर तवी, जम्मू शहरातली तवी वेगळी. पात्रातून रणगाडे दुपारी २ वाजता चिंगसला पोहोचलेही. म्हणजे ज्या कामासाठी राणेंना पाठवलं होतं, ते म्हणाल तर झालं होतं. कोणी त्यांना थांब म्हणालं असतं तर त्यात वावगं नव्हतं. पण रणगाडा नदीच्या पात्रातून जातो. रेशनची ट्रक, दारूगोळा, पेट्रोल, जखमींची गाडी पात्रातून जात नाही. रणगाडे पुढे आणि त्यांचं पोट मागे राहिलं तर दुसऱ्या दिवशी ते रणगाडे नुसते लोखंड. राणेंनी हे ओळखलं आणि मागच्या कॉलमसाठी रस्ता साफ करत राहिले, अन्नपाण्याविना, विश्रांतीविना, रात्री ९ पर्यंत. पुढे लढाईचा जोश, मागे रिकामा रस्ता, आणि हा गुडघ्यांवर बसून प्रत्येक दगड चाचपतोय. गोळीबारात धीर दाखवणारे अनेक असतात. जिथे कोणी बघत नाही तिथेही काम तितकंच चोख करणारे मी आयुष्यात मोजकेच पाहिले.

११ एप्रिल. सकाळी ६ ला सुरुवात, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांसाठी खुला. तरी थांबले नाहीत, रात्री १० पर्यंत चिंगसच्या पुढचा रस्ता. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हातात आली. चिंगसला मुघलांची जुनी सराई आहे, कधी त्या बाजूला गेलात तर थांबा. काश्मीरहून परतताना वाटेत वारलेल्या जहांगीर बादशहाची आतडी तिथे पुरल्याचं सांगतात. तिथवर आलेला डांबरी रस्ता बघताना हे चार दिवस आठवा म्हणजे झालं.

आता शौर्याबद्दल तुमची शंका. पायदळाच्या जवानाला भीती वाटली की करायला काहीतरी असतं. तो फायर करतो, आडोसा बदलतो, पुढे झेप घेतो. सॅपरचे दोन्ही हात कामात. त्याची रायफल बाजूला, नजर जमिनीकडे, पाठ बऱ्याचदा शत्रूकडे. वरून येणारी गोळी सांगते पळ, आणि बोटांखालची माती सांगते हळू. दोन्हीचं एकाच वेळी ऐकून चालत नाही. घाई केली तर सुरुंग मारतो, रेंगाळलं तर मशिनगन. या ताणात एक तास काढणं मोठं आहे. राणेंनी पहिल्या दिवशी सकाळी ११ पासून चौथ्या दिवशी रात्री १० पर्यंत काढले. हे ८३ तास होतात, त्यात पन्नासहून अधिक तास प्रत्यक्ष काम. ‘शत्रू किती मारले’ या रकान्यात शून्य असेलही, पण राजौरीला जाणाऱ्या प्रत्येक रणगाड्याचा आणि प्रत्येक गाडीचा पट्टा त्यांनी तपासलेल्या मातीवरून गेला.

असं काम गौरवण्याची ही पहिली वेळही नव्हती. १९४१ साली अ‍ॅबिसिनियात (आजच्या इथिओपियात) प्रेमिंद्र सिंग भगत या तरुण अधिकाऱ्याने चार दिवस, ५५ मैल, सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसून १५ सुरुंगक्षेत्रं साफ करून घेतली. दोनदा गाडी त्याच्या खाली उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घ्यायला तयार झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याची २१ फील्ड कंपनीही बॉम्बे सॅपर्सचीच. म्हणजे सात वर्षांच्या अंतराने, एकाच ग्रुपच्या दोन माणसांना, दोन वेगळ्या देशांचे सर्वोच्च पुरस्कार, जवळजवळ एकाच कामासाठी. खडकीत शिकलेल्या कुणालाही ही जोडी तोंडपाठ असते.

राणेंकडे हे सगळं आलं कुठून, याचं उत्तर त्यांच्या आधीच्या आठ वर्षांत आहे. पुष्कळ लेखांत ते ‘तरुण लेफ्टनंट’ म्हणून येतात आणि वाचणाऱ्यासमोर अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला पोरगा उभा राहतो. चित्र वेगळं आहे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलीस शिपाई, बदल्यांमुळे शाळा इकडून तिकडे. १९३० च्या सुमारास स्वातंत्र्य चळवळीकडे ओढले गेले, तेव्हा वडिलांनी घाबरून बिऱ्हाड गावी हलवलं. १० जुलै १९४० ला, बावीसाव्या वर्षी, ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले.

पुढे ब्रह्मदेश. अराकानमधून माघार घेताना २६ व्या डिव्हिजनने राणेंना दोन सेक्शनांसह बुथिडाँगला मागे ठेवलं. महत्त्वाची ठिकाणं उडवायची आणि मग नौदलाच्या जहाजाने निघायचं, असा बेत होता. ठिकाणं उडवली, जहाज काही आलं नाही. जपानी गस्त असलेली नदी स्वतःच्या हिकमतीवर पार करून, गस्त चुकवत, माणसांना घेऊन ते बावली बाजारला डिव्हिजनला जाऊन मिळाले. हवालदारकी त्यानंतरची. कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला.

म्हणजे नादपूरला मॉर्टर पडले तेव्हा खांद्यावर एकच तारा आणि तोही चार महिन्यांचा, पण आत बसलेला होता २९ वर्षांचा मुरलेला हवालदार. दोन मेले, पाच जखमी, आणि काही वेळात पार्टी पुन्हा कामाला, हे पुस्तकातून येत नाही. कोणाचे हात थरथरतायत, कोणाला आकड्याच्या दोरीवर ठेवायचं आणि कोणाच्या हातात प्रॉडर द्यायचा, हे ज्याने स्वतः ती कामं केलीत त्यालाच चटकन कळतं. एनडीएत जाणार असाल तर एवढं पक्कं ध्यानात ठेवा की पुढे तुमच्या हाताखाली असे हवालदार असतील.

पदकाबद्दलही थोडं. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. राणेंचं नाव जून १९५० मध्ये गॅझेटमध्ये आलं. ब्राँझचं छोटं पदक, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, जांभळी फीत. ते रेखाटलं सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपियन, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. वज्राच्या मागे दधीची ऋषींच्या अस्थींची कथा आहे, ती तुम्हाला माहीत असेलच. आजवर २१ जणांना हे मिळालं, त्यातले १४ मरणोत्तर. सॅपर एकच, राणे.

जिवंतपणी मिळालेले सात, त्यांत राणे आणि लान्स नाईक करम सिंग १९४७-४८ च्या युद्धातले. यांतला पहिला कोण यावर वाद घालणारे भेटतात. पराक्रमाच्या तारखेने बघितलं तर राणेंचा एप्रिल १९४८ चा, करम सिंगांचा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा. माझ्या लेखी विषय तिथेच संपतो.

पुढचं आयुष्य, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, त्या मानाने साधं आहे. राणे फौजेतच राहिले. १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. २८ वर्षांच्या नोकरीत पाच वेळा डिस्पॅचेसमध्ये, म्हणजे सेनापतींच्या अधिकृत अहवालांतल्या गौरव-उल्लेखात, नाव आलं. ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये, ७६ व्या वर्षी गेले. १९८४ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनने एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, आयएनएस चपळ ही जुनी युद्धनौका ठेवली आहे तिथे, २००६ पासून त्यांचा पुतळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेंचं.

ते महाराष्ट्राचे की कर्नाटकचे, यावर कमेंटांत हमरीतुमरी होते. ते जन्मले तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलं. भरती झाले ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, आणि शेवटचा श्वास पुण्यात. दोन्ही बाजूंनी अभिमान बाळगावा, भांडू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीत राणेंचं नाव घेणार असाल तर ‘७२ तास न झोपता लढले’ अशी सोशल मीडियावरची वाक्यं घेऊन जाऊ नका, समोर एखादा सॅपर अधिकारी बसलेला असला तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकाल. शौर्यपुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर मूळ साइटेशन आहे. ते उघडा, नकाशावर नौशेरा, चिंगस आणि राजौरी शोधा, आणि १० एप्रिलला दुपारी २ नंतर राणे रस्त्यावरच का राहिले ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का ते बघा.